रिपोर्ट नॉर्मल आला, मग कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायची का?

प्रश्न एका मुलीने आईवडिलांबद्दल विचारला आहे. वडील 61 वर्षांचे, नऊ वर्षांपासून मधुमेह, बीपीची एक गोळी चालू, हृदयाचा त्रास आजवर नाही. एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 142 आला म्हणून डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन 10 मिलिग्रॅम सुरू केली. तीन महिन्यांनी एलडीएल 76 झाला. ‘नॉर्मल आलं की’ म्हणून, आणि पाय दुखतात म्हणून, वडिलांनी गोळी स्वतःच बंद केली. त्यात व्हॉट्सॲपवर मेसेज आला, की या गोळीने शुगर वाढते, लिव्हर खराब होतं, विसरायला होतं. आता एलडीएल पुन्हा 138 आहे. तिचं विचारणं असं: गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल का? पथ्याने किंवा आयुर्वेदिक औषधाने भागणार नाही का? आणि वडिलांच्या उरलेल्या गोळ्या आई घेते आहे, ते चालेल का?

आधी थेट उत्तर. वडिलांची गोळी बंद व्हायला नको होती. डॉक्टरांना भेटून ती पुन्हा सुरू करावी, हवं तर कमी डोसपासून. पायदुखी अंगावर काढू नये, तिचं कारण शोधावं. आईने त्या गोळ्या घेणं आजच थांबवावं. कारणं सविस्तर सांगतो, कारण ती पटली नाहीत तर गोळी दोन महिन्यांत पुन्हा बंद होते, हे मी ओपीडीत सतत पाहतो.

रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे आला. आपल्या शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते शरीरच बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. ते बनवायला एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. स्टॅटिन, म्हणजे रोसुव्हास्टॅटिनच्या गटातली गोळी, ते अडवतं. यकृताच्या पेशीला कोलेस्टेरॉल कमी पडायला लागलं, की ती आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवते आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेते. हे रिसेप्टर ज्यांनी शोधले त्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 मध्ये नोबेल मिळालं. गोळी थांबली की एन्झाइम मोकळं होतं, रिसेप्टर कमी होतात आणि काही आठवड्यांत एलडीएल मूळ पातळीवर येतं. वडिलांचे 142, 76 आणि 138 हे तीन आकडे नेमकं हेच सांगतात. गोळीची ‘सवय लागली’ असं काही झालेलं नाही. सोडल्यावर आकडा होता तिथे परत आला, त्याच्या वर गेला नाही.

दुसरी गोष्ट ‘नॉर्मल’ची. लॅबच्या रिपोर्टवर उजव्या बाजूला जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती पंचविशीतल्या निरोगी मुलालाही तीच आणि दोन स्टेंट टाकलेल्या माणसालाही तीच. प्रत्यक्षात एलडीएल किती असावं हे त्या माणसाच्या धोक्यावर ठरतं. 2024 मध्ये कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने आपल्या लोकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात साधारण, कमी धोक्याच्या माणसासाठी 100 च्या खाली, जास्त धोक्याच्या माणसासाठी 70 च्या खाली, आणि हार्ट ॲटॅक वा पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा तितकाच मोठा धोका असलेल्यांसाठी 55 च्या खाली असं लक्ष्य दिलं आहे. नऊ वर्षांचा मधुमेह आणि सोबत बीपी, म्हणजे वडील किमान जास्त धोक्याच्या गटात आहेत. म्हणजे 76 हा आकडासुद्धा थोडा वरच होता.

‘पण हृदयाचा त्रासच नाही, मग कशाला?’ हे वडील म्हणत असतील, आणि प्रश्न रास्त आहे. अशाच लोकांवर, म्हणजे मधुमेह आहे पण हृदयविकार अजून नाही अशा 2838 जणांवर, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये कार्ड्स नावाची चाचणी झाली. निम्म्यांना ॲटोर्व्हास्टॅटिन (हेही एक स्टॅटिन) 10 मिलिग्रॅम, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्या मुदतीच्या जवळपास दोन वर्षं आधी थांबवावी लागली. 2004 मध्ये निष्कर्ष आले: हार्ट ॲटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना 37 टक्क्यांनी कमी. टक्केवारीने फसायला होतं म्हणून सरळ संख्येत सांगतो. अशा 1000 लोकांना चार वर्षं गोळी दिली तर निदान 37 मोठ्या घटना टळतात. उरलेल्यांना त्या चार वर्षांत वेगळं काही जाणवणार नाही. मी पेशंटला हे लपवत नाही, कारण ही गोळी घेतल्यावर बरं वाटत नाही, तरतरी येत नाही, काहीच वाटत नाही. जे व्हायचं होतं ते होत नाही, एवढंच तिचं काम. पण एलडीएल दरवर्षी धमनीच्या भिंतीत थोडं थोडं साचत असतं, त्यामुळे चार वर्षांचा हिशेब दहा-पंधरा वर्षांवर नेला की फायदा बराच वाढतो.

आणि आपल्याकडे हे लवकर होतं. इंटरहार्ट या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट ॲटॅक येण्याचं सरासरी वय 53 वर्षं निघालं, इतर देशांत 58.8. शिवाय बहुतेकांना वाटतं की 80-90 टक्के ब्लॉकेज झाल्यावरच ॲटॅक येतो. अनेकदा तो 40-50 टक्क्यांच्या, कधी न जाणवलेल्या थरामुळे येतो. थराचं वरचं आवरण फाटतं, तिथे गुठळी होते आणि काही मिनिटांत रक्तवाहिनी बंद पडते. कालपर्यंत शेतात राबणारा, जिना न दमता चढणारा माणूस असा अचानक जातो तो यामुळे. स्टॅटिनने थर थोडा आकसतो, त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचं आवरण मजबूत होतं. एक गैरसमज इथेच दूर करतो: ही ‘रक्त पातळ करायची गोळी’ नाही. ते काम ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांचं. वडिलांच्या स्ट्रिपवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मात्र जरूर वाचा. स्टॅटिन आणि ॲस्पिरिन एकत्र असलेल्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास मिळतात. हृदयविकार नसलेल्या माणसाला रोज ॲस्पिरिनची सहसा गरज नसते आणि त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. तशी कॅप्सूल चालू असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आता पायदुखी, कारण गोळी सुटते ती बहुधा इथेच.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये सॅमसन नावाचा अभ्यास झाला, 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले 60 लोक घेतले. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या, महिन्याला एक: चारमध्ये स्टॅटिन, चारमध्ये हुबेहूब तशीच बिनऔषधाची गोळी, चार रिकाम्या. रोज मोबाइलवर त्रासाला गुण द्यायचे. स्टॅटिनच्या महिन्यांत त्रास झाला, हे खरं. पण बिनऔषधाच्या गोळीच्या महिन्यांतही जवळजवळ तेवढाच झाला. स्टॅटिनच्या त्रासातला 90 टक्के वाटा नुसत्या ‘गोळी घेतली’ या गोष्टीचा होता. त्यातल्या निम्म्या लोकांनी स्वतःचे आलेख पाहून गोळी पुन्हा सुरू केली. 2022 मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने मोठमोठ्या चाचण्यांची एकत्र छाननी केली. स्नायूंचा त्रास सांगणारे स्टॅटिन घेणाऱ्यांत 27.1 टक्के आणि बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत 26.6 टक्के.

याचा अर्थ वडील खोटं सांगतात असा अजिबात नाही. दुखणं खरंच असतं, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांचंही खरंच होतं. मनात भीती असली की एरवी दुर्लक्ष झालं असतं ती कळ ठळक होते. आणि साठीतल्या मधुमेही माणसाचे पाय दुखायला कारणं कमी नसतात. म्हणून मी विचारतो: नेमकं कुठे दुखतं? स्टॅटिनचं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना सारखं, मांड्या, पोटऱ्या, खांदे अशा मोठ्या स्नायूंत असतं, गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर चार-सहा आठवड्यांत सुरू होतं आणि थांबवल्यावर काही आठवड्यांत जातं. फक्त गुडघा दुखतो, सकाळी टाच टेकवत नाही, तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, तर ती गोष्ट वेगळी. तळव्यांची आग मधुमेहाची असू शकते. चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावं लागतं, थांबलं की बरं वाटतं, असं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्यांत थर साचल्याची शंका घ्यावी. अशा वेळी स्टॅटिन बंद करणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

रक्ताच्या दोन तपासण्या करून घ्या, सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते कळतं) आणि टीएसएच (थायरॉइडची). थायरॉइड मंद असेल तर स्नायू दुखतात, स्टॅटिनचा त्रास वाढतो आणि कोलेस्टेरॉलही वर जातं. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर पायदुखी आणि एलडीएल दोन्ही उतरलेले पेशंट मी पाहिले आहेत.

सगळं तपासून स्टॅटिनवरच संशय राहिला तरी रस्ता बंद होत नाही. डॉक्टर गोळी दोन-चार आठवडे थांबवतात, दुखणं गेलं का पाहतात, मग कमी डोसवर किंवा दुसऱ्या स्टॅटिनवर आणतात. काहींना रोसुव्हास्टॅटिन एक दिवसाआड सोसते. डोस निम्मा केला तर फायदा निम्मा होत नाही, हे फार लोकांना माहीत नसतं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केल्यावर एलडीएल जेमतेम 6 टक्के आणखी उतरतं. त्यामुळे 10 ऐवजी 5 मिलिग्रॅम घेतली तरी बहुतेक फायदा हातात राहतो. रोसुव्हास्टॅटिनची रक्तातली पातळी आशियाई वंशाच्या लोकांत गोऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळते, म्हणून आपल्याकडे 5 पासून सुरुवात करणं शहाणपणाचं. कमी पडलं तर सोबत इझेटिमाइब 10 मिलिग्रॅम. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं अडवते आणि एलडीएल आणखी साधारण 20 टक्के उतरवते. वडिलांसाठी मी याच जोडीचा विचार करीन. कुठलंच स्टॅटिन सोसलं नाही तर बेम्पेडोइक ॲसिड नावाची वेगळी गोळी आहे, महागडी इंजेक्शनंही आहेत, पण तिथवर जायची वेळ फार थोड्यांवर येते.

खरा, गंभीर स्नायूंचा त्रास अत्यंत विरळा आहे. तरी त्याची लक्षणं प्रत्येक घरात माहीत हवीत: अंग ठणकून दुखणं, उठता-बसता न येण्याइतकी कमजोरी, आणि लघवी काळपट, कोलासारखी होणं. असं झालं तर गोळी त्याच क्षणी थांबवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे अनेकदा दुसऱ्या औषधाशी टक्कर झाल्याने होतं. आपल्याकडे गेली काही वर्षं गजकर्णाने लोक हैराण आहेत, आणि त्यासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आठवडेच्या आठवडे दिल्या जातात. माझ्याकडे एक शेतकरी गृहस्थ आले होते. ॲटोर्व्हास्टॅटिन 40 मिलिग्रॅम वर्षानुवर्षं विनातक्रार चालू. आता मात्र खुर्चीतून उठायला दोन्ही हातांनी गुडघ्यांवर जोर द्यावा लागत होता, हात वर करून सदरा काढता येईना. पिशवीतल्या सगळ्या स्ट्रिप टेबलावर ओतायला सांगितल्या, तर कोलेस्टेरॉलच्या स्ट्रिपखाली इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल निघाल्या. सीपीके हजारांत होता. दोन्ही औषधं थांबवली, भरपूर सलाइन दिलं, ते पूर्ण बरे झाले. त्वचेच्या डॉक्टरांना त्यांनी हृदयाच्या गोळीबद्दल सांगितलंच नव्हतं, ‘खाजेचा आणि त्याचा काय संबंध’ म्हणून. इट्राकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन (हे एक अँटिबायोटिक) ही दोन नावं लिहून ठेवा. सिम्व्हास्टॅटिन त्यांच्याबरोबर चालतच नाही, ॲटोर्व्हास्टॅटिनला जपून राहावं लागतं. रोसुव्हास्टॅटिनला या दोघांचा त्रास फारसा नाही, पण कुठल्याही नव्या डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची पिशवी घेऊनच जावं.

आता व्हॉट्सॲपवरचा मेसेज. शुगरबद्दलचं त्यात अर्धसत्य आहे. स्टॅटिनने शुगर किंचित वाढते हे खरं. 2010 मध्ये 13 चाचण्या एकत्र करून पाहिलं, तर 255 लोकांनी चार वर्षं स्टॅटिन घेतल्यावर एकाला जास्तीचा मधुमेह झाला, आणि तो बहुधा जे आधीच उंबरठ्यावर होते त्यांना. वडिलांना मधुमेह आहेच. त्यांच्या एचबीएवनसीमध्ये (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या आकड्यात) फार तर थोडा फरक पडेल, तो औषधाने सांभाळता येतो. मधुमेही माणूस दगावतो तो अनेकदा हृदयाने, आणि ते टाळायलाच ही गोळी आहे. लिव्हरचं म्हणाल तर एसजीपीटी हा लिव्हरच्या तपासणीतला आकडा तिपटीच्या वर जाणं शंभरात एखाद्याला होतं, तेही बहुधा डोस कमी केल्यावर उतरतं. फॅटी लिव्हर आहे म्हणून स्टॅटिन बंद करणारे खूप भेटतात. त्या लोकांना तर हृदयाचा धोका जास्त, म्हणजे गोळीची गरजही जास्त. चालू कावीळ किंवा बिघडलेला सिरोसिस असेल तर मात्र नाही. स्मृतीबद्दल: चाचण्यांत स्टॅटिन घेणाऱ्यांची बुद्धी घसरलेली दिसली नाही.

पथ्य करावंच, पण त्याची झेप ओळखून. तूप, वनस्पती तूप (डालडा), फरसाण, बेकरीचे पदार्थ कमी केले, डाळी, उसळी, भाज्या, ज्वारी-बाजरी वाढवली तर एलडीएल 10 ते 15 टक्के उतरतं. 142 चं 125 होईल. 70 होणार नाही. शेंगदाणा तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं. साखर, मैदा, दारू यांनी ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) वाढतात आणि ती आपल्याकडची मोठी दुखरी नस आहे. रोज चालण्याने वजन, शुगर, बीपी सगळ्यालाच फायदा आहे, एलडीएलला त्यातल्या त्यात कमी.

लसूण आणि गुग्गुळ यांच्यावर लोकांची श्रद्धा आहे, म्हणून त्यांच्या चाचण्या सांगतो. 2007 मध्ये अमेरिकेत सहा महिने, आठवड्यातून सहा दिवस, कच्चा लसूण देऊन पाहिला, एलडीएल हललं नाही. 2003 मध्ये गुग्गुळाच्या अर्काची चाचणी झाली, त्यात एलडीएल उलट थोडं वाढलं. जेवणात लसूण जरूर खा, फक्त तो गोळीच्या जागी धरू नका. ‘हे केमिकल आहे, आम्हाला नैसर्गिक हवं’ म्हणणाऱ्यांना मी अकिरा एन्डो यांच्याबद्दल सांगतो. या जपानी शास्त्रज्ञाने सुमारे सहा हजार बुरशींचे नमुने तपासले आणि 1973 मध्ये पेनिसिलियमच्या एका बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. 1987 मध्ये अमेरिकेत बाजारात आलेलं लोव्हास्टॅटिनही बुरशीतूनच आलं. ऑनलाइन मिळणारा ‘रेड यीस्ट राइस’ लोक नैसर्गिक म्हणून घेतात, त्यात लोव्हास्टॅटिनच असतं, फक्त किती ते बाटलीवर खात्रीने कळत नाही.

घ्यायची कशी? रोसुव्हास्टॅटिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिन कधीही चालते, सकाळी वा रात्री, जेवणाआधी वा नंतर. रात्रीचा नियम सिम्व्हास्टॅटिनसारख्या, असर लवकर उतरणाऱ्या गोळ्यांचा. बीपीच्या गोळीसोबत घेतली तर विसरायची नाही. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. सुरू केल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले नसतील तर उपाशीपोटीच हवं असं नाही. रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वजा करून येणारा नॉन-एचडीएलचा आकडा पाहा, मधुमेहात तो जास्त विश्वासाचा. वडिलांचा 100 च्या खाली हवा. जन औषधी केंद्रात या गोळ्या स्वस्तात मिळतात, तेव्हा खर्चामुळे खंड पडत असेल तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आणि हो, गोळी वर्षानुवर्षं घ्यायची आहे.

आईचं. तिचं वय 56, शुगर-बीपी नाही, एकूण कोलेस्टेरॉल 224, एलडीएल 132, एचडीएल 58, वजन वाढतंय आणि थकवा असतो, असं तुम्ही लिहिलंय. या आकड्यांवर स्टॅटिन द्यायची घाई मी करणार नाही. थकवा, वाढतं वजन आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल असलेल्या पन्नाशीपुढच्या बाईची पहिली तपासणी टीएसएच. थायरॉइड निघालं तर त्याच्या औषधाने एलडीएल आपसूक उतरू शकतं, आणि थायरॉइड बिघडलेलं असताना वडिलांची 10 ची गोळी घेत राहिली तर स्नायूंचा त्रास व्हायची शक्यता तिलाच जास्त. टीएसएच ठीक आलं तर बीपी, शुगर, कंबरेचा घेर पाहून आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (रक्तातला एलडीएलसारखाच, बहुतांशी आनुवंशिक कण) तपासून धोका ठरवता येईल. डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी सांगा, त्या बायका सहसा आपणहून सांगत नाहीत आणि आम्हीही विचारायला विसरतो: पाळी चाळिशीच्या आत गेली होती का, आणि तुमच्या किंवा भावंडांच्या वेळी गरोदरपणात तिला बीपी किंवा शुगर झाली होती का.